गाडीसाठी सतरा नंबरचा फॉर्म

(द्वितीय वर्ष कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकासाठी लिहायचे म्हणजे निसर्गवर्णन, प्रवासवर्णन, नाहीतर एखाद्या कादंबरीचे रसग्रहण, अशी एक समजूत आहे. मी मात्र मोटारीवर लिहिणार आहे. तीही शोरूममधल्या नव्हे, तर माझ्या वडिलांनी दुकानाच्या पत्र्याच्या छपराखाली स्वतःच्या हातांनी बांधलेल्या मोटारीवर. वाचकांनी हा आत्मप्रौढीचा प्रकार समजू नये. या गाडीच्या निमित्ताने एक प्रश्न गेली दोन वर्षे मला छळतो आहे. त्याचे उत्तर मला जसे सुचले तसे येथे मांडतो.

आमचे गाव इचलकरंजीपासून फार लांब नाही. आण्णा, म्हणजे माझे वडील, चौथीपर्यंत शिकलेले. उसाच्या ट्रॉल्या, नांगर, रोटाव्हेटर असे शेतीचे सामान दुरुस्त करण्याचे त्यांचे वेल्डिंगचे दुकान आहे. एकदा भंगारवाल्याकडे त्यांना अपघातात चेंबलेली एक मारुती ८०० दिसली. पत्रा गेला होता, पण इंजिन आणि गिअरबॉक्स शाबूत होते. आण्णांनी ते धूड वजनावर विकत घेतले. दिवसा गिऱ्हाइकांची कामे आणि रात्री जेवण झाल्यावर गाडी, असे चौदा महिने चालले. चौकोनी पाइपची चासी त्यांनी स्वतः जोडली. इंजिन, स्टिअरिंग आणि पुढची चाके मारुतीची, मागचा ॲक्सल आणि पाटे एका जुन्या टेम्पोचे, पत्रा नवा, रंग ट्रॅक्टरचा उरलेला लाल. सगळा खर्च पंच्याहत्तर हजारांच्या आत. दसऱ्याला गाडीची पूजा झाली, आईने नारळ फोडला आणि निम्मे गाव तीत एकेक फेरी मारून आले.

खरे सांगायचे तर मला त्या वेळी अभिमानापेक्षा लाजच अधिक वाटली. एकदा आण्णांनी मला गाडीतून कॉलेजला सोडले. मी त्यांना अलीकडच्या चौकातच थांबायला सांगितले. त्यांनी कारण विचारले नाही. गाडी वळवून ते निघून गेले. घरातून कॉलेजात येणारा मी पहिलाच. ज्या हातांनी मला येथवर आणले त्या हातांची गाडी मला फाटकापर्यंत आणता आली नाही, याची खंत आज हे लिहिताना वाटते.

आमच्या भागाला हे वेड नवे नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ साली स्वतः बांधलेली छोटी मोटार रस्त्यावर आणली. फारसे शालेय शिक्षण न झालेल्या या गृहस्थांनी पुढे वीसपंचवीस वर्षे तीत सुधारणा करून ‘मीरा’ नावाची, पाठीमागे इंजिन असलेली लहान गाडी तयार केली. सामान्य माणसाला परवडेल अशी मोटार हे त्यांचे स्वप्न होते. तिचा कारखाना काही उभा राहिला नाही. त्या काळी सरकारी परवान्यावाचून असा कारखाना काढता येत नसे. पण त्यांच्या पहिल्या गाडीला रस्त्यावर चालण्याचा नंबर मिळाला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आमच्या गाडीला नंबर मिळाला नाही. तो का मिळाला नाही, हेच या लेखाचे मूळ आहे.

नंबर घेण्यासाठी आण्णा आणि मी परिवहन कार्यालयात गेलो. आण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. सगळ्या सुट्या भागांच्या पावत्या त्यांनी एका पिशवीत जपून नेल्या होत्या. खिडकीपलीकडचे कारकून भला माणूस होते. त्यांनी समजावून सांगितले, की नव्या गाडीच्या नोंदणीला नमुना २० चा अर्ज लागतो. त्याला नमुना २१, म्हणजे विक्रेत्याचा दाखला, जोडावा लागतो. आणि नमुना २२, म्हणजे गाडी सुरक्षित व रस्त्यायोग्य असल्याचा तयार करणाऱ्या कंपनीचा दाखला.

“कंपनीचं सर्टिफिकेट आणलंय का?” त्यांनी विचारले.

“साहेब, कंपनी म्हंजे मीच की,” आण्णा म्हणाले.

कारकून हसले. ते कुत्सितपणे हसले नाहीत. पण त्यांच्याकडे या माणसासाठी कोणताच कागद नव्हता. कायद्याच्या लेखी गाडी तयार करणारा म्हणजे कारखानदार. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमाप्रमाणे त्याने आपल्या गाडीचा नमुना पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यायचा असतो. नमुना एकदा पास झाला, की त्याबरहुकूम हजारो गाड्या तयार होतात आणि तपासणीचा खर्च त्या हजारांवर वाटला जातो. ज्याची एकच गाडी आहे त्याने तो कोणावर वाटावा? शिवाय २०१७ पासून टप्प्याटप्प्याने मोटारींना धडक-चाचणीही सक्तीची झाली आहे. चाचणीत गाडी ठोकरावर आदळून पाहतात. कारखान्याकडे दुसरी गाडी असते. आमच्याकडे दुसरी कोठून येणार? परीक्षा दिली तर परीक्षार्थीच शिल्लक राहत नाही, असा हा प्रकार आहे.

परतताना बसमध्ये आण्णा बराच वेळ गप्प होते. मग एकदम म्हणाले, “तू नववी-धाव्वीला शाळंत गेला न्हाईस. तरी तुझी परीक्षा घेतली की न्हाई सरकारनं? मग माझ्या गाडीची का घेत न्हाईत?”

हा प्रश्न माझ्या मनात रुतून बसला. आठवीनंतर घरच्या अडचणीमुळे मी शाळा सोडली आणि दुकानात बसलो. आमच्या एका जुन्या गुरुजींनी मला बोलावून सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला. शाळेत नियमित न गेलेल्या मुलाला खाजगीरीत्या दहावीला बसता यावे म्हणून मंडळाने ठेवलेला हा दरवाजा. मला कोणी सवलतीचे गुण दिले नाहीत. प्रश्नपत्रिका तीच, वेळ तोच, पर्यवेक्षक तेच. मला एवढेच मिळाले, की ‘तू कोठे शिकलास’ हे न विचारता ‘तुला काय येते’ हे विचारले गेले. त्या एका फॉर्मामुळे मी आज हा लेख लिहितो आहे. माझे वडील गाडीसाठी नेमके हेच मागत होते. त्यांना माफी नको होती, परीक्षा हवी होती.

आता लेखाचा अवघड भाग येतो. तो मी टाळला असता तर आण्णांना बरे वाटले असते, पण त्यांनीच तो लिही म्हणून सांगितले.

नंबर मिळाला नाही म्हणून गाडी घरी बसली का? बसली नाही. ती आतल्या रस्त्यांनी चालत राहिली. शेताला, बाजाराला, कोणी आजारी पडले तर शेजारच्या गावच्या डॉक्टरांकडे. गावात सगळेच ‘आपलीच गाडी’ म्हणत आणि कोणी काही विचारत नसे. उसाच्या हंगामात एका संध्याकाळी आत्याला दवाखान्यातून घेऊन आम्ही परत येत होतो. ओढ्याच्या पुलाकडे उतार आहे. पुढे ऊसतोड मजुरांच्या बैलगाड्या चालल्या होत्या आणि शेवटच्या गाडीवर, उसाच्या मोळ्यांवर, दोन लहान मुले बसली होती. आण्णांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि पॅडल सरळ तळाला गेले. त्यांनी गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी बांध फोडून शेजारच्या ओल्या रानात घातली. आत्याच्या कपाळाला टेंगूळ आले, एवढ्यावर निभावले. बैलगाडीवरची पोरे आमची फजिती पाहून हसत होती. आपण कशातून वाचलो हे त्यांना कळले नव्हते. आम्हाला कळले होते. त्या रात्री घरात कोणी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी कारण सापडले. ब्रेकऑइलची नळी चासीच्या कडेला घासून घासून तिला भोक पडले होते. मूळ मारुतीत ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइनी असतात, म्हणजे एक फुटली तरी दुसरी दोन चाके धरते. तिचा मास्टर सिलिंडर अपघातात फुटला होता. आण्णांनी त्याच्या जागी एका जुन्या टेम्पोचा, एकेरी लाइनचा, हाताशी होता म्हणून बसवला. एक नळी फुटली आणि चारही चाके मोकळी झाली.

त्या रात्रीपासून कायदा चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. जेथे एवढे बळी जातात तेथे कोणीही काहीही जोडून रस्त्यावर आणावे, असे कोण म्हणेल? पाण्याचे इंजिन बसवून केलेल्या उत्तर भारतातल्या ‘जुगाड’ गाड्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले, की जुगाड हेही मोटार वाहनच आहे आणि मोटार वाहन कायदा त्यालाही लागू आहे. हे योग्यच झाले. अशा गाडीला विमा नसतो. तिच्याखाली कोणी सापडले, तर त्याच्या घरच्यांनी भरपाई कोणाकडे मागायची? आण्णांचे दुकान विकूनही एका माणसाच्या आयुष्याची भरपाई झाली नसती.

माझे म्हणणे इतकेच आहे, की हा दोष एखाद्या जाणत्या तपासनिसाला दहा मिनिटांत दिसला असता. बॉनेट उघडून त्याने विचारले असते, “दुसरी लाइन कुठं आहे?” आण्णांनी ती बसवली असती. पण गाडी कोणी तपासायचीच नाही असे ठरल्यामुळे ती कोणी पाहिलीच नाही. बंदीमुळे गाडी थांबली नाही, फक्त नजरेआड गेली. आणि नजरेआडची गाडी अधिक धोक्याची असते.

मग यावर उपाय आहे की नाही? इंग्लंडने तो केला आहे. तेथे घरी मोटार जोडण्याची जुनी परंपरा आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘सेव्हन’ नावाची गाडी काढली आणि ती सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही विकली. तयार गाडीवर कर होता, सुट्या भागांवर तो लागत नसे, म्हणून बेताच्या मिळकतीचे लोक संच घेऊन घरी जोडीत. संचाबरोबर जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागेल, म्हणून कंपनीने गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या उलट्या वाचल्या, असे गमतीने सांगतात. १९७३ मध्ये त्या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि तिचे संच आजही विकले जातात.

अशा गाड्यांसाठी तेथे १९९८ मध्ये एकेका गाडीच्या तपासणीची पद्धत आली. २००९ पासून तिची जागा नव्या, अधिक सविस्तर तपासणीने घेतली आहे. हौशी माणसाने स्वतःच्या वापरासाठी बांधलेली गाडी सरकारी केंद्रावर नेतात. तपासनीस ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, आरसे, सीटचे पट्टे, धूर, आवाज सारे पाहतो. बाहेर एखादी धारदार कड असेल, तर पायी चालणाऱ्याला लागेल म्हणून गाडी नापास करतो. नापास झालेल्याला दोषांची यादी मिळते. तो घरी जातो, दुरुस्ती करतो आणि पुन्हा परीक्षेला येतो. गाडी आदळून पाहत नाहीत. गाडीचे वय किंवा मूळ ठरवता आले नाही, तर तिला ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारा वेगळा नंबर देतात, म्हणजे पुढे घेणाऱ्याची फसगत होत नाही. हा सतरा नंबरचा फॉर्म नाही तर दुसरे काय आहे?

आपल्याकडे कौतुक होते, परीक्षा होत नाही. २०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिराची गाडी देशभर गाजली. भंगारातून बांधलेली आणि मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्यांच्या कल्पकतेची मोकळ्या मनाने तारीफ केली. ही गाडी नियमांत बसत नाही हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत ती त्या कुटुंबाला मिळालीही. आमच्या गावात या गोष्टीचा फार आनंद झाला. महिंद्रांच्या उदारपणाबद्दल मला आदरच आहे. पण मनात आले, की प्रत्येक कारागिराला बोलेरो द्यायला कोणी दाता कोठून आणायचा? आणि दान हे परीक्षेचे उत्तर आहे काय? हुशार मुलाला शाळेत न घेता बक्षीस देऊन घरी पाठवण्यासारखे ते होते.

काही आक्षेप मी स्वतःच घेऊन पाहिले. पहिला असा, की या दारातून चोरीच्या गाड्यांना नवे नंबर मिळतील. म्हणून प्रत्येक भागाची पावती, इंजिनाचा क्रमांक आणि बांधणीच्या वेळचे फोटो सक्तीने मागावेत. ज्याने रात्री जागून गाडी बांधली त्याच्याकडे हे सगळे असते, चोराकडे नसते. दुसरा आक्षेप, की लोक याचा धंदा करतील. म्हणून एका माणसाला एकच गाडी, तीही स्वतःच्या वापरासाठी. भाड्याने प्रवासी नेण्यास बंदी आणि काही वर्षे विक्रीसही बंदी. तिसरा, की तपासायला माणसे कोठे आहेत? परिवहन खात्याचे निरीक्षक आहेत, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. महिन्यातून एक दिवस ठरवला तरी पुरे. तपासणीचे रास्त शुल्क आम्ही भरू. आणि कारखान्याच्या गाडीपेक्षा अशा गाडीची तपासणी अधिक कडक ठेवावी. एकदा पास झाली म्हणून सोडू नये, दरवर्षी बोलवावे. धडक-चाचणी होत नाही, म्हणून वेगाची मर्यादा घालून फलकावर वेगळी खूण करावी. आमची कशालाच ना नाही.

कारण अशी गाडी बाळगणे म्हणजे काय, हे आम्हाला आता समजले आहे. कंपनीच्या गाडीला सर्व्हिसिंगचे पुस्तक असते, बिघडली तर शोरूम असते. आमच्या गाडीचे पुस्तक एकट्या आण्णांच्या डोक्यात होते. त्या अपघातानंतर आम्ही दोनशे पानी वही घातली. आण्णा सांगतात, मी लिहितो. कोणता भाग कोणत्या गाडीचा, कोणते बेअरिंग कितव्या नंबरचे, कोणता पट्टा कोठे मिळतो. दर रविवारी ब्रेकऑइलची पातळी आणि नळ्या. दर महिन्याला चाकांचे नट. चासीच्या प्रत्येक वेल्डला रॉकेल लावायचे, पुसायचे आणि वरून खडू फिरवायचा. बारीक तडा असेल तर आतले रॉकेल खडूवर ओली रेघ उमटवते. आतापर्यंत तीन रेघा सापडल्या. तिन्ही जागा घासून पुन्हा जोडल्या. ब्रेकला दुहेरी लाइन बसवली आणि नळ्या तांब्याच्या काढून ब्रेकसाठीच्या पोलादी घातल्या. प्रत्येक कामापुढे तारीख आहे. आण्णांना सही करताना त्रास होतो, तरी प्रत्येक पानाखाली ते सही करतात. कंपनी म्हणजे तेच आहेत, आणि कंपनीने दाखल्यावर सही केली पाहिजे.

आज ही गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. त्या संध्याकाळनंतर आण्णांनी ती एकदाही रस्त्यावर काढलेली नाही. हुकूम कोणी केला नाही, त्यांनी स्वतःच ठरवले. भंगारवाला दोनदा येऊन किलोचा भाव सांगून गेला. आण्णांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवले. रविवारी ताडपत्री निघते, इंजिन दहा मिनिटे चालते, वहीत नोंद होते आणि ताडपत्री पुन्हा पडते.

वाचक मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण पहिल्या पिढीचे विद्यार्थी आहेत. आपल्या वडिलांच्या हातात कसब आहे आणि दाखला नाही. दाखला नसलेल्या कसबाला रस्ता मोकळा सोडा, असे मी म्हणणार नाही. उताराच्या त्या रस्त्यावर मी ते शिकलो. पण त्याला परीक्षेलाच बसू द्यायचे नाही, हा न्याय नव्हे. शासनाने गाडीसाठी एक सतरा नंबरचा फॉर्म काढावा. तो मी भरीन, आण्णा सही करतील. गाडी नापास झाली तर दोषांची यादी घेऊन आम्ही घरी येऊ आणि पुन्हा कामाला लागू.

आणि पास झाली, तर त्या दिवशी मी आण्णांना अलीकडच्या चौकात थांबायला सांगणार नाही.